यंदा तरी?

आमच्या टोरांटोत सप्टेंबर लागला, की मेपलची पानं रंग बदलायला लागतात आणि माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारायला लागतात. दुकानात, बसमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, अगदी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेतानासुद्धा. "काय, यंदा तरी?" पुढचं वाक्य कुणी पूर्ण करत नाही. त्याची गरजच नसते. यंदा तरी आपले मेपल लीफ्स स्टॅन्ले कप जिंकतील का, हा तो प्रश्न.

मंडळी, हॉकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हिरवं मैदान येणार, ध्यानचंद येणार. माझ्याही यायचे. मी मिरजेची. १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असं हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या वाड्यात सगळे रेडिओला कान लावून बसले होते. जसदेवसिंगांचा आवाज चढला की आमचे श्वास अडकायचे. सामना संपल्यावर वडिलांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले.

त्यानंतर वर्षभरातच लग्न होऊन मी इथे आले. जानेवारी १९७६. बाहेर गुडघाभर बर्फ, ओळखीचं माणूस एकच, तेही नवीनच, आणि शनिवारची रात्र झाली की त्या माणसाचं डोकं टीव्हीत! बर्फावर चाकू लावलेले बूट घालून सुसाट धावणारी माणसं, एकमेकांना लाकडी फळ्यांवर आपटणारी, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. ती तर मला दिसायचीच नाही. गोल झाला हे मी ह्यांच्या ओरडण्यावरून ओळखायची.

७ फेब्रुवारी १९७६, शनिवार. ही तारीख मी विसरणं शक्य नाही. त्या रात्री आमचा कप्तान डॅरिल सिटलर याने बोस्टनविरुद्ध एकट्याने सहा गोल केले आणि आणखी चार गोलांना हातभार लावला. इथे दोन्हींचा एकेक गुण धरतात, म्हणजे एका सामन्यात दहा गुण. तो विक्रम २०२५ पर्यंत तरी कुणी मोडलेला नव्हता. लीफ्स ११-४ ने जिंकले. हे उड्या मारत होते, खालच्या मजल्यावरची आजी केरसुणीच्या दांड्याने छत ठोकत होती, आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले. मनात म्हटलं, असा संघ असल्यावर कप काय, येईलच वर्षा-दोन वर्षांत!

तेव्हा आधीचा कप येऊन नऊ वर्षं झाली होती.

तो कप आला २ मे १९६७ ला. तेव्हा लीगमध्ये संघच सहा होते. लीफ्सचे दोन गोलरक्षक, एक बेचाळिशीचा जॉनी बोअर आणि दुसरा सदतिशीचा टेरी सॉचक. म्हातारा संघ म्हणून लोक हसायचे. त्या म्हाताऱ्यांनी अंतिम फेरीत माँट्रियलला हरवून तेरावा कप आणला. त्यानंतर १९६८ पासून २०२५ पर्यंत? एकही नाही. नुसता कप नाही असं नव्हे, या काळात अंतिम फेरीसुद्धा नाही.

आता संघ झाले बत्तीस. २०२५-२६ च्या मोसमापर्यंत प्रत्येकाचे ८२ सामने असत. त्यातले सोळा संघ पुढे जातात. मग सात-सात सामन्यांच्या चार फेऱ्या, म्हणजे कप हवा तर उन्हाळा लागेतो आणखी सोळा विजय. अवघड आहे, मान्य. पण आमच्या लोकांनी हरण्याचे जे प्रकार शोधले आहेत, ते पाहिले की वाटतं, इतकी कल्पकता जिंकण्यात दाखवली असती तर!

१९९३ मध्ये अंतिम फेरीच्या दारात होतो. सातव्या सामन्यात वेन ग्रेट्झ्कीने तीन गोल करून दार लावून घेतलं. २०१३ मध्ये बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या भागात ४-१ ने पुढे होतो. आमच्या चिरंजीवांनी मित्रांना फोनही लावले होते. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात ५-४ ने हरलो. २०२१ मध्ये माँट्रियलविरुद्ध ३-१ अशी आघाडी होती, तीही घालवली. २०२२ मध्ये हे गेले. आणि पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, लीफ्सनी २००४ नंतर पहिल्यांदा एक फेरी जिंकली. त्या रात्री मी ह्यांच्या फोटोला सांगितलं, "थोडं थांबायचं होतं." लगेच वाटलं, सेहेचाळीस वर्षं माझ्यासोबत थांबलेल्या माणसाला हे काय सांगतेय मी!

पण आज सांगायची आहे ती गोष्ट २०२५ ची. त्या वर्षी गटात पहिले आलो. ओटावाला हरवलं. फ्लोरिडाविरुद्ध पहिले दोन्ही सामने जिंकले. घरात सगळे दबकत बोलत होते, दृष्ट लागू नये म्हणून. मग हरत हरत गाडी सातव्या सामन्यावर आली. १८ मे, घरचं मैदान, आणि ६-१ ने धुव्वा. लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या.

आमच्या नातवाने फेकली नाही. दहा वर्षांचा आहे तो. त्याच्या जर्सीवर १६ आकडा, मिच मार्नरचा. मार्नर इथलाच, टोरांटोशेजारच्या मार्कहॅमचा. लहानपणी हाच संघ बघत वाढलेला पोरगा, म्हणून मुलांना तो आपल्यातला वाटायचा. नऊ मोसम खेळला. हरल्याचं खापरही लोकांनी त्याच्यावरच जास्त फोडलं. जुलै लागता लागता तो लास व्हेगासच्या संघाकडे गेला. त्या संध्याकाळी नातवाने जर्सीची घडी घातली आणि जुने कपडे द्यायच्या पिशवीत ठेवली.

"आजी, मी आता फ्लोरिडाचा," तो म्हणाला.

हिशेब चोख होता. फ्लोरिडाने २०२४ आणि २०२५, असे लागोपाठ दोन कप जिंकले होते. मी काही बोलणार तोच चिरंजीव म्हणाले, "आई, त्याला सोड. आपल्यासारखं त्याचं नको करू."

वाचकहो, हे वाक्य मला लागलं. उन्हाळाभर ते डोक्यात फिरत राहिलं. खोटं थोडंच होतं? बाबांनी मुलाला हा संघ दिला, मुलाने नातवाला. घर द्यावं, दागिने द्यावेत. दुःख का द्यायचं? आणि प्रेम करायचं तरी कशावर? खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात. जुनं मेपल लीफ गार्डन्स १९९९ मध्ये सुटलं, नव्या मैदानाचं नावही २०१८ मध्ये बदललं. उरतं काय, तर निळ्या कपड्यावरचं एक पांढरं पान.

मोसम सुरू व्हायला दोन-तीन आठवडे उरले होते. एका शनिवारी मी नातवाला म्हटलं, "चल, तुझ्या फ्लोरिडाचा कप बघून येऊ."

इथली गंमत अशी, की स्टॅन्ले कपचं घर टोरांटोतच आहे! १८९२ मध्ये लॉर्ड स्टॅन्ले या गव्हर्नर जनरलने तो दिला. त्याचा कायमचा मुक्काम हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, एका जुन्या बँकेच्या देखण्या इमारतीत. लीफ्सच्या मैदानापासून पायी दहा मिनिटं. म्हणजे कप आमच्या गावात, फक्त आमच्या घरात नाही.

कपच्या खालच्या भागावर पाच रुंद पट्ट्या असतात. दरवर्षी विजेत्यांची नावं त्यावर कोरतात. एका पट्टीवर तेरा वर्षं मावतात. खालची पट्टी भरली, की सगळ्यात वरची काढून जपून ठेवतात आणि खाली नवी कोरी बसवतात. नातवाने खाली वाकून २०२४ च्या फ्लोरिडाची नावं शोधली, खूश झाला. मग मी त्याला सगळ्यात वरची पट्टी दाखवली. तिथे टोरांटो, १९६७. बोअर, सॉचक, सगळे.

काढून ठेवलेल्या पट्ट्यांमध्ये १९५१ चं बिल बॅरिल्कोचं नाव आहे, तेही त्याला सांगितलं. ही ह्यांची आवडती गोष्ट. बॅरिल्कोने जादा वेळेत गोल करून कप जिंकून दिला आणि त्याच उन्हाळ्यात मासेमारीहून परतताना त्याचं छोटं विमान नाहीसं झालं. अकरा वर्षं ना विमान सापडलं, ना लीफ्सना कप मिळाला. १९६२ मध्ये कप जिंकला आणि काही आठवड्यांतच जंगलात विमानाचे अवशेष मिळाले.

नातू वरच्या पट्टीकडे पाहत होता. "आजी, खालची पट्टी कधी भरणार?"

"२०३० च्या विजेत्यांनंतर."

त्याने बोटांवर मोजलं. "म्हणजे तोपर्यंत आपण नाही जिंकलो, तर आपलं नाव कपवरून जाणार?"

"जाणार. जपून ठेवतील, पण कपवर नसेल."

'आपण' म्हणाला होता. मी मुद्दाम तिकडे लक्ष दिलं नाही.

माणसं कपला हात लावून फोटो काढत होती. "तू लाव ना हात," तो म्हणाला. मी म्हटलं, "खेळाडू जिंकल्याशिवाय हात लावत नाहीत. आजोबाही लावायचे नाहीत. मीही नाही. तुला हवा तर लाव, तुझा संघ जिंकलाय." एवढंच. भारताने १९८० च्या सुवर्णपदकानंतर ऑलिंपिक हॉकीच्या पदकासाठी २०२१ पर्यंत, एक्केचाळीस वर्षं, वाट पाहिली, ते ब्राँझ पाहून मी मिरजेतल्या भावाशी फोनवर रडले, हे सगळं सांगावंसं वाटलं. पण गप्प बसले. वाट पाहायला कुणाला शिकवता येत नाही. आपण बसलेल्या बाकावर जागा ठेवायची, यायचं तो येतो.

त्याने जरा विचार केला आणि दोन्ही हात खिशात घातले.

परतीच्या गाडीत आमच्यासमोर एक सरदारजी बसले होते. निळी टोपी नव्हती, पण पगडी मात्र अगदी लीफ्सच्या निळ्या रंगाची. २००८ पासून इथे टीव्हीवर हॉकीचं समालोचन पंजाबीतूनही होतं, त्यामुळे ब्रॅम्प्टनच्या घराघरांत आजी-आजोबासुद्धा जाणकार झाले आहेत. नातवाकडे पाहून त्यांनी हसून विचारलं, "क्यों बेटा, इस साल?"

पोरगं लाजलं. खिडकीबाहेर पाहत राहिलं. घराजवळ आल्यावर हळूच म्हणालं, "आजी, पहिली मॅच कोणाशी आहे?"

"माँट्रियलशी. आठ ऑक्टोबर."

"शाळा असते दुसऱ्या दिवशी."

"पहिला भाग संपेपर्यंत बघू. बाबांना मी सांगते."

घरी गेल्यावर मी कपड्यांच्या पिशवीत डोकावले. जर्सी तिथे नव्हती. कुणी काढली, मी विचारलं नाही. चिरंजीवांनी काढली असेल, तरी मला नवल वाटलं नसतं.