दफनभूमीला फाटक कधी?



‘पडीक जागांवर वाहनतळ करा’ हे पत्र वाचले. मंडईतल्या कोंडीबद्दल पत्रलेखकांनी लिहिले ते शंभर टक्के खरे. पण पडीक जागांच्या यादीत त्यांनी ख्रिस्ती दफनभूमीही घातली, आणि कारण काय, तर ‘तिथे कुणी फिरकत नाही’. त्यांनी ईस्टरच्या पहाटे एकदा यावे. मेणबत्त्या घेऊन आलेल्यांना पाय ठेवायला जागा नसते. त्याच्या आठवडाभर आधीपासून घरोघरची माणसे कोयते घेऊन वेडी बाभूळ छाटत असतात. कबरींना चुना देताना अक्षरांत तो भरू नये म्हणून आमची आत्या खराट्याच्या काडीने एकेक अक्षर मोकळे करते. ही जागा पडीक?

दुसरा नेहमीचा मुद्दा, ‘गोऱ्यांच्या कबरींवर आपला पैसा का घालायचा?’ जालन्यात 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती, तेव्हा गोरे इथे मेले आणि पुरले गेले, हे खरेच. पण इथला ख्रिस्ती समाज छावणीबरोबर आलेला नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, तिथे राहायला आली ती याच मुलखातली मांग-महार घरे. शेषाद्री 1891 साली समुद्रप्रवासात वारले. त्यांनी वसवलेली माणसे मात्र याच मातीत आहेत आणि त्यांची आडनावे मराठीच आहेत.

‘जागा चर्चची, चर्चने बघावे’, असेही ऐकवतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चे कलम 63 काढून वाचा. मृतांच्या अंत्यविधीच्या जागांची देखभाल हे त्यात बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे. धर्माचा रकाना त्यात नाही. खेड्यात जनसुविधा योजनेतून दहनभूमीप्रमाणे दफनभूमीचीही कामे होऊ शकतात. इतरत्र शेड, दिवे, पाण्याची टाकी, बाकडी सारे होते. आमची वेळ आली की जागेचा मालक आठवतो! खरी गोष्ट एवढीच की आमची मते मूठभर आहेत. मूठभर मतांसाठी कुणी नारळ फोडायला येत नाही.

ज्या गावच्या सळईवर महाराष्ट्रभर इमले उभे राहतात, त्या गावात दफनभूमीला धड लोखंडी फाटक नसावे? आणि जे होते ते भंगारात गेले. ते विकत घेणाऱ्याला ते कुठले आहे हे कळले नसेल, यावर माझा विश्वास नाही. भंगारवाल्यांकडे येणाऱ्या मालाची नोंद कुणी तपासते का? गल्लीतल्या नाल्यांवरची झाकणेसुद्धा याच वाटेने जातात आणि पावसाळ्यात पोरे त्यात पडतात.

वाहनतळ जरूर करा. मंडईलगतच्या रस्त्यावर दुकानदारांनी टाकलेले ओटे आधी काढा, निम्मी जागा तिथेच निघेल. ते काढायची हिंमत नाही, म्हणून मेलेल्यांची जागा मोजायला निघालात.

– एक वाचक, जुना जालना