आजीचा प्रश्न

स्नेहसंमेलनासाठी मी धाकटी डहाणूच्या घरी कुसुमाग्रजांची सात वीरांवरची कविता पाठ करीत होतो. जाळे विणीत बसलेली आजी मध्येच म्हणाली, “अरे, त्या सातांच्या घरी कोण रडलं?” मला उत्तर देता आले नाही.

२४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, असे परंपरा सांगते. अशा मरणाला शाहिरांनी व कवींनी कर्तव्याचे तेज दिले. ते तेज खोटे नव्हे. परचक्र आले असता पोवाडाच मनगटात बळ आणतो. पण विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज कवी स्वतः खंदकात लढला आणि विषारी वायूने गुदमरणारा सैनिक त्याने कवितेत आणला. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धबंदीच्या आठवडाभर आधी, पंचविसाव्या वर्षी तो रणांगणावर पडला. त्याला भित्रा कोण म्हणेल?

आपल्याला हे नवे नाही. महाभारतात अर्जुनाला उभे करणारी गीता आहे, तसेच रणभूमीवर पुत्रांची प्रेते पाहणाऱ्या गांधारीचे स्त्रीपर्वही आहे. व्यासांनी दोन्ही सांगितले. आपण व्यासपीठावरून अर्धेच म्हणतो.

सीमेचा अर्थ आमच्या किनाऱ्याला ठाऊक आहे. पालघर जिल्ह्यातले खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात अडकले की इकडे घरेच्या घरे वाट पाहत बसतात. म्हणून वीरकाव्य जरूर गावे. पण त्याच कार्यक्रमात मागे राहिलेल्यांची कविताही ऐकवावी. तरच आजीच्या प्रश्नाला उत्तर दिल्यासारखे होईल.