वकिलांची सोयरीक आणि बडतर्फ कामगाराची तारीख

ठाण्याच्या कामगार कोर्टाच्या आवारांत उभा राहणारा बडतर्फ मनुष्य कायद्याचीं कलमें वाचीत नाहीं. तो माणसें वाचतो. आपला वकील कंपनीच्या वकिलाशीं कसा बोलतो, कोण कोणास चहा पाजतो, कोण कोणास नुसत्या नांवानें हांक मारतो, हें तो डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. मग एके दिवशीं त्यास कळतें कीं, ते दोघे साडू आहेत. किंवा एकानें दुसऱ्याच्या ऑफिसांत पांच वर्षें उमेदवारी केलेली आहे. किंवा दोघे एका खोलींत राहून एकाच लॉ कॉलेजांत शिकलेले आहेत. त्या संध्याकाळीं कल्याण लोकलनें डोंबिवलीस परतलेला तो मनुष्य बायकोस सांगतो, "आपली केस विकली गेली."

हें वाक्य आमच्या पुष्कळ घरांत बोललें जातें, म्हणून आज त्याचाच विचार करूं. असें म्हणणाऱ्यास आम्ही वेडा म्हणणार नाहीं. ज्याच्या चुलीवरचें भांडें उतरलें आहे त्यास संशय घेण्याचा पुरा हक्क आहे. परंतु संशय योग्य जागीं घेतला पाहिजे. नाहीं तर चोर मागील दारानें निघून जातो आणि आपण पुढच्या दारास कुलूप लावून बसतों.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां शेतकऱ्यास कोर्टकचेरींत कसें नागवलें जातें हें त्यांनीं उघड केलें. त्या काळची धास्ती अशी होती कीं, कारकून, शिरस्तेदार आणि वकील हे सारे एका पंक्तीस जेवणारे. त्यांच्यापुढें आपलें कोण ऐकणार? आज ठाणें, भिवंडी, कल्याण, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतील आगरी, कुणबी, कोळी, सुतार, लोहार यांच्या घरचीं मुलें-मुली सनद घेऊन कोर्टांत उभीं राहतात. ही आम्हांस अभिमानाची गोष्ट आहे. मात्र त्यामुळेंच कामगाराचा वकील आणि कंपनीचा वकील हे एकमेकांचे आते-मामे भाऊ निघण्याचा संभवही वाढला आहे. धास्ती गेली नाहीं. तिचीं आडनांवें तेवढीं बदललीं. त्यांतून कामगार कायद्याचें काम करणारे वकील प्रत्येक जिल्ह्यांत मोजकेच असतात. तेच दहा-पंधरा लोक रोज एकमेकांसमोर उभे राहतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नास जातात, आणि नवा वकील जुन्याच्या हाताखालींच तयार होतो. ओळखदेख नसलेले दोन वकील हवेत असें कोणी म्हणेल, तर त्यास दोन जिल्हे ओलांडून जावें लागेल.

आमचें मत असें आहे कीं, सोयरिकीपायीं खटला क्वचितच विकला जातो. सोयरिकीपायीं तारीख दिली जाते. कंपनीचा साक्षीदार आज परगांवीं आहे, साहेबांची तब्येत बरी नाहीं, कागद अजून मुख्य कचेरींतून आले नाहींत, "जरा सांभाळून घ्या." आणि आपला वकील सांभाळून घेतो. यांत लांच नाहीं, कट नाहीं. उद्यां त्याच्या घरीं लग्नकार्य निघालें म्हणजे पलीकडचाही त्यास असाच सांभाळून घेणार आहे. पण ही भलमनसाई कोणाच्या पदरचें खर्चून होते, एवढाच प्रश्न आहे. समजा, कामगाराचा पगार महिना १८,००० रुपये होता. दोन-दोन महिन्यांच्या पांच तारखा अशा सांभाळून घेण्यांत गेल्या, तर दहा महिने गेले, म्हणजे १,८०,००० रुपयांचा पगार अधांतरीं राहिला. कंपनीच्या हिशेबांत ही रक्कम म्हणजे एक ओळ. कामगाराच्या घरांत ती मुलाची फी, खोलीचें भाडें, बायकोच्या गळ्यांतील चार मणी. दोन वकिलांचा एकमेकांवरचा लोभ कायम राहतो, आणि त्याचें व्याज तिसराच भरतो.

सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं महाराष्ट्रांतील एका शिक्षिकेचा खटला निकालांत काढला. संस्थेनें तिला बडतर्फ केलें होतें. शाळा न्यायाधिकरणानें तिला पूर्ण मागील पगारासह कामावर घेण्याचा हुकूम केला. उच्च न्यायालयानें मागील पगार नाकारला. सर्वोच्च न्यायालयानें तो परत देवविला. त्या निकालांत दोन गोष्टी अशा आहेत कीं, त्या प्रत्येक कामगारानें ध्यानांत ठेवाव्या. बडतर्फी बेकायदा ठरली तर पूर्ण मागील पगार हाच सामान्य नियम होय, ही एक. दुसरी अशी कीं, खटला लांबला हें कारण सांगून कामगाराचा पगार कापूं नये. कारण बहुतेक वेळां लांबण्याचा दोष पक्षकारांचा नसतो, आणि मालकास चांगल्यांतला चांगला वकील लावून दुःखिताचे हाल लांबविणें परवडतें, कामगारास वकिलाची फी देणेंही जड जातें. देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टानें हें बोलून दाखविलें, याचें महत्त्व फार आहे. पण याच निकालाप्रमाणें मधल्या काळांत आपणांस दुसरें काम नव्हतें, किंवा होतें तें कमी पगाराचें होतें, असें कामगारानें सांगावें लागतें. मग तें खोटें आहे असें सिद्ध करण्याचें ओझें मालकावर पडतें. डोंबिवली स्टेशनबाहेर भाजी विकून ज्यानें दिवस काढले असतील त्यानें तेंही लपवूं नये. आपल्या वकिलानें हें पहिल्याच अर्जांत लिहिलें आहे कीं नाहीं, हें पाहणें चहा कोणीं पाजला हें पाहण्यापेक्षां शंभर पटींनीं मोलाचें आहे.

दिवस लांबणें म्हणजे काय, हें कल्याणच्या माणसास आम्हीं सांगावयास नको. मोहन्याचा रेयॉन कारखाना २००९ सालीं बंद पडला आणि तेथले कामगार आपल्या देण्यांसाठीं दहा वर्षांहून अधिक काळ झगडत राहिले. तो प्रकार बडतर्फीचा नव्हे, कारखाना बंद पडण्याचा. पण वाट पाहतां पाहतां माणूस कसा म्हातारा होतो तें तेथें दिसलें.

आतां नात्यागोत्याविषयीं कायदा काय म्हणतो तें पाहूं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत न्यायाधीश आणि वकील यांचें नातें फार बारकाईनें धरलें आहे. बाप, आजा, मुलगा, नातू, चुलता, भाऊ, पुतण्या, नवरा, बायको, आई, मुलगी, बहीण, सासू, सासरा, जावई, मेहुणा, सून, भावजय. यांपैकीं कोणी न्यायासनावर असेल तर त्या वकिलानें तेथें उभेंच राहूं नये. एवढी मोठी यादी लग्नपत्रिकेंतही सहसा नसते! परंतु समोरासमोरच्या दोन वकिलांस अशी बंदी नाहीं, आणि ती असावी असें आम्हांसही वाटत नाहीं. न्याय करणारा एकच असतो. त्याचें मन झुकलें तर सारेंच झुकलें. वकील दोन असतात, आणि त्यांचें भांडण सर्वांच्या देखत चालतें.

तथापि त्याच नियमांत वकिलावर आणखी दोन बंधनें आहेत. वकीलपत्र घेतांना, आणि पुढेंही, पक्षकारांशीं असलेला आपला संबंध व त्या वादांतील आपला हितसंबंध वकिलानें आपल्या अशिलास मोकळेपणानें सांगितला पाहिजे. म्हणजे त्याला ठेवावें कीं नाहीं हें अशिलास ठरवितां येईल. आणि ज्या वकिलानें एकदां एका बाजूस सल्ला दिला किंवा तिचे कागद तयार केले, त्यानें त्याच प्रकरणांत दुसऱ्या बाजूनें उभें राहूं नये. पहिल्या नियमाचीं अक्षरें पक्षकारांशीं असलेल्या संबंधाविषयीं आहेत. पलीकडच्या वकिलाशीं असलेल्या सोयरिकीचा उल्लेख त्यांत नाहीं, हें आम्ही कबूल करतों. पण नियमाचा हेतु अशिलास अंधारांत ठेवूं नये हाच आहे, आणि मेहुण्याविरुद्ध लढणाऱ्या वकिलानें तें आपल्या तोंडानें आधीं सांगावें, असें आमचें आग्रहाचें म्हणणें आहे. सांगितलेलें नातें सहसा टोचत नाहीं. बाहेरून कळलेलें नातें मात्र सारा विश्वास पोखरतें. मग तो वकील कितीही प्रामाणिकपणें उलटतपास घेवो, अशिलास त्याच्या प्रत्येक प्रश्नांत खोट दिसूं लागते.

खरी विषमता वकिलांच्या नात्याहून निराळ्या ठिकाणीं आहे, आणि ती पुष्कळदां कोर्टापर्यंत पोंचण्यापूर्वींच सुरू होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याविरुद्ध खात्याची चौकशी झाली. तींत ट्रस्टच्या बाजूनें कायदा शिकलेले दोन अधिकारी बसविले आणि कर्मचाऱ्यानें वकील मागितला तेव्हां तो नाकारला. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती चौकशी अन्यायाची ठरविली. मालकाच्या पगारावरचे वकील अधिकाऱ्याचा वेष घेऊन समोर बसणार आणि कामगार एकटा उभा राहणार, ही झुंज बरोबरीची नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. चौकशीची नोटीस हातांत पडतांच समोर कोण बसणार आहे हें विचारावें, आणि तो कायद्याचा माणूस असेल तर आपणही लेखी मागणी करावी. मागणी नाकारली तर तो नकारच पुढें आपल्या बाजूचा कागद होतो.

कोर्टांत कायद्यानें कामगाराच्या हातीं एक काठी दिलेली आहे, पण ती फार थोड्यांस ठाऊक आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणें समेटाच्या पायरीवर वकिलास मज्जाव होता, आणि पुढें कोर्टांतही दुसऱ्या बाजूची संमति व कोर्टाची परवानगी असल्याशिवाय वकील उभा करतां येत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागीं २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली. तींतही ही अट कायम आहे. म्हणजे कंपनीच्या वकिलास दार उघडणारा हात कामगाराचाच असतो, आणि वकीलपत्राच्या गठ्ठ्यांत सही करतांना तें त्यास कळतही नाहीं. मालकांनीं यांतूनही वाट काढली. वकीलच मालकसंघाचा पदाधिकारी असेल तर तो त्या नात्यानें संमतीशिवाय उभा राहूं शकतो, असें १९७६ सालीं पारादीप बंदराच्या खटल्यांत ठरलें. तरी प्रत्येक कंपनीचा वकील असा पदाधिकारी नसतो. आणि कामगारास स्वतःच्या युनियनचा पदाधिकारी आपल्या वतीनें उभा करतां येतो. ठाण्यांत जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे कोठें वकील होते? तरी १८८४ सालीं गिरणी कामगारांचें गाऱ्हाणें त्यांनीं सरकारी कमिशनपुढें मांडलेंच.

तडजोडीविषयीं मात्र आम्ही कडक बोलणार. दोन मित्र वकील कँटीनमध्यें बसून एक रक्कम ठरवितात आणि कामगारास सांगतात, "याहून जास्त मिळणार नाहीं, सही कर." रक्कम कदाचित योग्यही असेल. परंतु अशिलाच्या स्पष्ट सांगण्यावांचून वकिलानें तडजोड करूं नये कीं कबुली देऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं बजावलें आहे. तसेंच मिळणाऱ्या रकमेंत हिस्सा ठरवून फी घेणें बार कौन्सिलच्या नियमांनीं मना आहे. तेव्हां "मिळेल त्यांतले वीस टक्के माझे" म्हणणारा वकील मेहुण्याचा मेहुणा नसला तरी त्यास लांबूनच रामराम करावा. सही करण्यापूर्वीं कागद घरीं आणावा, दोन रात्री उशाशीं ठेवावा, शिकलेल्या पोरीकडून मोठ्यानें वाचून घ्यावा.

वकील आपली तारीख वाहून देत आहे कीं काय, हें ओळखण्यास चहाच्या टपरीवर पाळत ठेवावी लागत नाहीं. रोजनाम्याची नक्कल काढावी. कोणत्या दिवशीं कोणीं मुदत मागितली आणि कोणीं हरकत घेतली, तें त्यांत आढळतें. पलीकडून चार वेळां मुदत मागितली गेली आणि आपल्याकडून एकदांही हरकत नोंदली गेली नसेल, तर वकिलास सरळ विचारावें. बडतर्फी होऊन दोन वर्षें उलटूं देऊं नयेत, कारण नव्या संहितेप्रमाणें त्यानंतर समेट अधिकारी वाद हातीं घेत नाहीं.

ज्यांस फी परवडत नाहीं त्यांनीं ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याच्या १२ व्या कलमांत फुकट वकील मिळण्यास पात्र लोकांत औद्योगिक कामगार हें नांव स्वतंत्रपणें घातलेलें आहे; स्त्रिया, अनुसूचित जाति व जमाति यांचेंही आहे; आणि यांस उत्पन्नाची मर्यादा नाहीं. वकिलानें खरोखरच दगा दिला असेल तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करतां येते, पण तीस पुरावा लागतो, नुसती कुजबुज चालत नाहीं. आणि वकील बदलावयाचाच झाला तर पहिल्याची ना-हरकत किंवा कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. फी बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलास नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं ठरविलें आहे; आपलें आरोपपत्र, आपला खुलासा आणि आपल्या पगाराच्या पावत्या मागतांना कोणीही मान खालीं घालूं नये.