परसातील फळ आणि औषधनिर्माते

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनात घरे सुटी झाली, रस्ते रुंद झाले. भिंतीला भिंत लागून असलेला शेजार मात्र दुरावला. घराभोवती मिळालेल्या मोकळ्या जागेत आवळा, डाळिंब, सीताफळ, बेल ही कमी पाण्यावर तग धरणारी झाडे लावता येतात. दुरावलेला शेजार जोडण्याचे ते सोपे साधन आहे.

चरकसंहितेतील च्यवनप्राशास ५०० आवळे लागतात. ताज्या फळाची निकड औषधनिर्मात्यांना असतेच. तरीही परसातील फळ घाऊक खरेदी करण्याचा मोह त्यांनी टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकदा दर ठरला की शेजाऱ्यास दिलेली ओंजळ तोट्यात मोजली जाते. येळवशीला शेत नसलेल्यांनाही आग्रहाने बोलावून जेवू घालणाऱ्या या भागात तसे होणे शोभणारे नाही. आवळा बागायतदाराकडून रास्त दराने घ्यावा. परसातून घ्यायचाच तर वाटून उरलेला घ्यावा.

वैद्यबंधूंनीही स्वतःच्या परसात ही झाडे जोपासावीत आणि फळासोबत त्याचे ज्ञानही वाटावे. इतर फळे पक्व झाल्यावर गुणवान, बेलफळ मात्र कोवळे श्रेष्ठ, हा सुश्रुतांचा विवेक घरोघरी पोहोचला पाहिजे. अन्यथा पिकलेले बेलफळ औषध म्हणून सरसकट दिले जाईल. शेजारधर्म आणि वैद्यधर्म येथे एकच आहेत.