जुनेपणा म्हणजे भूतकाळ नव्हे : मुरलेल्या पाइप-तंबाखूचा धडा

१/ पन्नास-साठ वर्षांपूर्वी हवाबंद केलेला पत्र्याचा एक गोल डबा. झाकणाच्या कडेखाली नाणे सरकवून किंचित पिळले, की बारीकसा 'फुस्स' आवाज होतो आणि इतक्या वर्षांनंतर बाहेरची हवा प्रथमच आत शिरते. आतली पाने काळसर तपकिरी झालेली असतात, वास मनुका-अंजिरांचा येतो. अशा क्षणी संग्राहकाला वाटते, की भूतकाळ हाती लागला. त्या समजुतीची ही चिकित्सा. #थ्रेड

२/ पाइपमध्ये ओढावयाचा जुना तंबाखू जमवणे हा प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील छंद आहे. काही जण आज डबे विकत घेऊन दहा-वीस वर्षांसाठी कपाटात ठेवतात. काही जण बंद पडलेल्या कंपन्यांचे डबे लिलावातून मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजून मिळवतात. त्यांतले काही डबे जपून ठेवले जातात, पण पुष्कळसे अखेर उघडले जातात आणि त्यांतला तंबाखू ओढला जातो. इतिहासाचे साधन वापरताक्षणीच राख व्हावे, असे छंद फार नाहीत.

३/ सगळाच तंबाखू सारखा मुरत नाही. मुरण्यात अग्रेसर मानला जातो तो व्हर्जिनिया. हे पान बंद कोठीत, भट्टीच्या उष्णतेवर थोड्या दिवसांत वाळवतात. त्यामुळे पानातली साखर खर्ची पडण्याआधीच पान सुकते आणि साखर टिकून राहते. बर्ली जातीचे पान हवेवर सावकाश वाळते. त्यात साखर नगण्य उरते. डब्यात वर्षानुवर्षे जे घडते, त्याचा पाया ही शिल्लक साखर होय.

४/ बंद डब्यात पानातील ओलावा, साखर आणि इतर घटक यांच्यात मंद रासायनिक क्रिया चालू राहतात. रंग गडद होतो, तिखट धार बोथट होते, वेगवेगळ्या पानांचे वास एकमेकांत मिसळतात. कधी पानांवर पांढरे स्फटिक चमकतात आणि नवखा माणूस त्यांना बुरशी समजतो. या साऱ्याला मराठीत एकच नेमका शब्द आहे : मुरणे. कैरीच्या लोणच्याला लागू पडतो, तोच.

५/ मतभेद सुरू होतो तो येथे. मुरलेल्या लोणच्यात ताज्या कैरीची चव शोधण्यात अर्थ नसतो. कारखानदार पान डब्यात भरण्याआधी काही वर्षे मुरवत असत हे खरे. पण डबा दुकानात आला की गिऱ्हाईक तो विकत घेई आणि लवकरच संपवी. १९६० च्या लंडनमधील कारकुनाने साठ वर्षे मुरलेला तंबाखू ओढला नव्हता. आजच्या संग्राहकाला जी चव मिळते, ती त्या कारकुनाला कधीच ठाऊक नव्हती.

६/ लताकियाच्या बाबतीत तर गाडी उलट दिशेने जाते. सीरियातील लताकिया बंदरावरून नाव पडलेले हे पान लाकडाच्या धुरावर धरतात. पुढे त्याचा मुख्य पुरवठा सायप्रसमधून होऊ लागला. 'बाल्कन सोब्रानी'सारख्या विख्यात मिश्रणांची ओळख या धुरकट दर्पावर उभी होती. पण काळाबरोबर नेमका तोच दर्प मंदावतो. म्हणजे ज्या गुणासाठी डबा जपला, तोच गुण जपणुकीत झिजत जातो.

७/ गडकोट हिंडणाऱ्यांना हा घोटाळा परका नाही. रायगडावरील उघडे चौथरे पाहून मन भरून येते, ते योग्यच आहे. तथापि ते चौथरे म्हणजे १६७४ चा रायगड नव्हे. राज्याभिषेकाच्या रायगडावर छते होती, माणसांची वर्दळ होती. दिसतो तो १८१८ च्या इंग्रजी तोफांनंतरचा, आगीनंतरचा आणि दोन शतकांच्या पावसानंतरचा रायगड. भग्नतेचे सौंदर्य काळाने निर्माण केले आहे, महाराजांनी नव्हे.

८/ मग जुन्या डब्याला ऐतिहासिक मोल नाहीच काय? निश्चितच आहे, मात्र ते चवीत शोधण्याआधी पत्र्यावर आणि कागदावर शोधले पाहिजे. अमेरिकेत १९५९ पर्यंत तंबाखूच्या वेष्टनावर कर भरल्याची सरकारी पट्टी असे. त्या काळाच्या उत्तरार्धातील पट्ट्यांवर मालिकेचा क्रमांक सापडतो. त्यात १८३० मिळवले की वर्ष निघते. 'सिरीज ११८' म्हणजे १९४८. शिलालेखातील शकांकावरून सन काढणाऱ्याला यात आपलेपणा वाटावा.

९/ डनहिलचे उदाहरण घ्यावे. आल्फ्रेड डनहिल याने १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान उघडले. प्रत्येक गिऱ्हाइकाचे खास मिश्रण तेथे वहीत नोंदले जाई. 'माय मिक्श्चर ९६५' या नावातला आकडा त्या वहीचा. १९४१ च्या बॉम्बवर्षावात दुकान उद्ध्वस्त झाले. १९८१ मध्ये तंबाखूचे उत्पादन बेलफास्टला आणि २००५ च्या सुमारास डेन्मार्कला गेले. २०१८ मध्ये डनहिल नावाचा पाइप-तंबाखू बंद झाला. संग्राहक डब्याच्या घडणीवरून आणि मजकुरावरून यांतला टप्पा ओळखतात. ही साधनचिकित्साच आहे आणि ती कौतुकास्पद आहे.

१०/ पण डब्यावर जे लिहिलेले नाही त्याचे काय? व्हर्जिनिया पानाच्या ज्या गोडव्यावर हा सारा छंद उभा आहे, त्याची कथा नॉर्थ कॅरोलायनातील कॅसवेल परगण्यात नेते. साल १८३९. अबायशा स्लेड याच्या मळ्यावरील स्टीफन नावाचा तरुण गुलाम रात्री तंबाखूच्या कोठीतली आग राखत होता. त्याला डुलकी लागली, आग विझत आली. घाईघाईने त्याने लोहारकामाच्या भट्टीतला कोळसा आणून टाकला. त्या कोरड्या, तीव्र उष्णतेत पान सोन्यासारखे पिवळे झाले, असे सांगितले जाते.

११/ या पद्धतीमुळे त्या भागातील निकस, वाळूमिश्रित जमिनीला मोल आले आणि मळेवाल्यांची भरभराट झाली. पद्धत सापडली ती ज्याच्या हातून, तो माणूस मात्र कायद्याने मालकाची मालमत्ता होता. डब्यांवर राजघराण्यांची चिन्हे आली, जहाजे आली, धर्मगुरू आले. स्टीफन आला नाही. जुन्या डब्यातल्या मधुर वासाचे वर्णन करताना त्याचे नाव घेणे ही किमान प्रामाणिकपणाची गोष्ट ठरेल.

१२/ हिंदुस्थानचाही या कथेत वाटा आहे. १९१२ मध्ये इंडियन लीफ टोबॅको डेव्हलपमेंट कंपनी स्थापन झाली आणि आंध्रातील गुंटूरच्या परिसरात व्हर्जिनिया पान रुजले. १९१९ पासून ब्रिटनने साम्राज्यातील तंबाखूला आयातकरात सवलत दिली आणि भारतीय पान तिकडे जाऊ लागले. तरीही ब्रिटिश डब्यावर गुंटूरचे नाव सहसा आढळत नाही. पान वसाहतीचे, नाव लंडनचे.

१३/ पुन्हा १९८१ कडे वळावे. संग्राहकांच्या कालगणनेत हे डनहिलने लंडन सोडल्याचे वर्ष आहे. त्याच वर्षी निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी रास्त भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसले होते. शरद जोशींनी त्यांचे नेतृत्व केले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. निपाणीचा तंबाखू विडीचा, पाइपचा नव्हे; दोन्ही घटनांत थेट संबंधही नाही. पण तंबाखूच्या इतिहासात '१९८१' म्हटल्यावर कोणाला काय आठवते, यावरून तो इतिहास कोणाचा हे कळते.

१४/ संग्राहकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, वस्तुसंग्रहालयातील तलवार काचेपलीकडून पाहावी लागते; येथे भूतकाळाला नाकाजिभेने भिडता येते. यात तथ्य आहे. वास स्मृती जागवतो, कुतूहल चेतवतो. परंतु तो अनुभव त्या वस्तूच्या साठ वर्षांच्या एकांताचा आहे, तिच्या जन्मकाळाचा नव्हे. एवढा भेद मान्य केला, की अनुभव खोटा ठरत नाही. केवळ त्याला त्याचे खरे नाव मिळते.

१५/ मग डबा उघडावा की राखावा? तंबाखू जाळण्यासाठीच केला जातो. तो जाळणे म्हणजे शिलालेख फोडणे नव्हे. दोष आहे तो न वाचता जाळण्यात. झाकण, तळ, करपट्टी आणि आतला कागद यांची छायाचित्रे घ्यावीत, वजन व मजकूर नोंदवावा, दुर्मीळ मिश्रणाची चिमूटभर पाने बाजूला काढून ठेवावीत. पुष्कळ संग्राहक हे निष्ठेने करतात. जे करत नाहीत, त्यांच्यापुरते एक साधन कायमचे नष्ट होते.

१६/ मुरल्याने तंबाखू सौम्य लागतो, निरुपद्रवी होत नाही. निकोटिन तेच, कर्करोगाचा धोका तोच. इतिहासाची गोडी लागलेल्याने धूर घेण्याची गरज नाही. रिकामा डबाही पुष्कळ बोलतो. त्याला विचारावयाचे प्रश्न मात्र नेमके हवेत. हे पान कोणी पिकवले? कोणी वाळवले? नफा कोणाकडे गेला? झाकणावर नाव कोणाचे आले? जुनेपणा काळ आपोआप देतो. भूतकाळ मात्र असे प्रश्न विचारून मिळवावा लागतो.

#मराठी #इतिहास #साधनचिकित्सा