जन्ममृत्यूंच्या वह्या

समर्थनगरांतील आमच्या एका वाचक भगिनींनीं पत्रानें विचारलें आहे कीं, महाराष्ट्राचा बालमृत्युदर एके ठिकाणीं हजारीं 16 दिलेला आढळतो, तर दुसरे ठिकाणीं 23. यांपैकीं खरा कोणता व खोटा कोणता? त्यांच्या सूनबाईंचे दिवस भरत आले असल्यामुळें हा प्रश्न त्यांस केवळ पुस्तकी वाटत नाहीं, हें उघड आहे.

दोन्ही आंकडे सरकारी आहेत व दोहोंपैकीं एकही खोटा नाहीं. हजार मुलें जिवंत जन्मलीं असतां त्यांतील किती वर्षाच्या आंत दगावलीं, हेंच दोन्ही सांगतात. मात्र विचारण्याची रीत निराळी. पहिला आंकडा 2020 सालचा असून तो भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतींतून येतो. निवडक गांवांत व शहरांच्या निवडक भागांत तेथेंच राहणारा एखादा गणक, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडीची सेविका, प्रत्येक जन्म व मृत्यु वर्षभर टिपून ठेवितो. दर सहा महिन्यांनीं पर्यवेक्षक त्या वहीवर न विसंबतां स्वतंत्रपणें घरोघर फिरून तीच माहिती घेतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात, व जेथें मेळ बसत नाहीं त्या घराची पायरी पुनः चढतात. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या आम्हांस ही रीत फार पसंत आहे.

दुसरा आंकडा, नेमका सांगावयाचा तर 23.2, हा 2019-21 च्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींतला. 1992-93 मध्यें सुरू झालेली ही पाहणी मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पार पाडते. येथें वही नसते, आठवण असते. बाईंस विचारतात, मुलें किती झालीं, किती हयात आहेत, गेलीं तीं केव्हां गेलीं. पाहणीपूर्वींच्या पांच वर्षांतील हकीकत एकत्र करून दर काढितात. दर उतरत चालला असतां मागचीं वर्षें त्यांत मिसळलीं कीं आंकडा थोडा चढाच येणार. शिवाय दोन्हींकडील नमुनीं निवडलेलीं घरें वेगळीं.

परंतु या पाहणीचें खरें मोल आम्हांस अन्यत्र दिसतें. महाराष्ट्रांत 100 पैकीं 94.7 प्रसूति आतां दवाखान्यांत होतात, हें वाचून कोणासही आनंद वाटेल. त्याच कागदावर खालीं असेंही लिहिलें आहे कीं, 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांत रक्तक्षय असलेल्यांचें प्रमाण 2015-16 मध्यें शेंकडा 48 होतें, तें या खेपेस 54.2 झालें, आणि पांच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचें प्रमाण 34.4 वरून 35.2 वर गेलें. दवाखान्याची वाट सांपडली. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या ताटांत काय उरतें, हा प्रश्न तसाच राहिला. हें आमच्या सुशिक्षित घरांनाही लागू आहे.

तिसरी वही म्हणजे 1969 च्या कायद्यानें चालणारी जन्ममृत्यूची नोंद. तिचा नियम असा कीं घटना घडली तेथें नोंद. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणास लेक माहेरीं येते. तेव्हां सासर वैजापुरास असलें तरी मूल माहेरच्या गांवच्या दप्तरांत जातें. आमच्या शहरांतील घाटीच्या रुग्णालयांत तर जालना, बीड, परभणीकडील अत्यवस्थ बायका आणितात. त्यांतील एखादी दुर्दैवानें गेली तर ती नोंद या शहराच्या नांवावर पडते. केवळ ती वही पाहून कोणी या शहरास दोष देऊं लागेल, तर तें न्यायाचें होणार नाहीं. मातामृत्यूचें गणित तर अधिकच नाजूक आहे. तें हजारावर नव्हे, लाख जिवंत जन्मांवर मांडतात. 2018-20 मध्यें भारताचा दर 97 व महाराष्ट्राचा 33 होता. एखाद्या तालुक्यांत वर्षाला 3,000 जन्म होत असतील, तर एका मातेच्या मृत्यूनें दर 33 होतो व दोघींच्या मृत्यूनें 67. म्हणूनच हा दर तीन वर्षांची बेरीज करून काढितात.

मात्र जें मूल कोणत्याच वहींत येत नाहीं, त्याचें काय? आमच्या धर्मशास्त्रानें दांत येण्यापूर्वीं मूल गेल्यास सद्यःशौच सांगितलें, चौलापूर्वीं गेल्यास एक रात्र. त्यामागें शोक आवरावा हा हेतु असेलही. पण घरानेंच तेरा दिवस धरले नाहींत, तें मूल कचेरींत कोण सांगावयास जाणार? डॉ. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं आई झाल्या व त्यांचें बाळ दहा दिवसांचें होऊन गेलें. आईनें पुढें अमेरिकेंत जाऊन 1886 मध्यें वैद्यकीची पदवी घेतली, म्हणून तें बाळ आपणांस ठाऊक. इतर घरांतल्या तशा बाळांचा वंशावळींतही पत्ता नसतो. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं 1993 पासून 39 गांवांत नवजात मुलांची घरोघर नोंद ठेवून गांवच्याच बायकांकरवीं त्यांची शुश्रूषा करविली. पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूंचा दर 62 होता, तो 1998 पावेतों 25.5 वर आला. 2001 मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालानें, सरकारदप्तरीं दिसतात त्यांहून पुष्कळच अधिक बालमृत्यु राज्यांत घडतात, असें दाखविलें. तेव्हां सरकारनेंच पुढें डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालीं मूल्यमापन समिति नेमिली.

आमच्या भगिनींस उपयोगी म्हणून एवढें लिहितों: जन्माची खबर 21 दिवसांच्या आंत द्यावी. दवाखान्यांत जन्म झाल्यास ती जबाबदारी दवाखान्याची, घरीं झाल्यास घरच्या कर्त्या माणसाची. बारशास उशीर झाला तरी नोंद थांबवूं नये. नांव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क व पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालतां येतें. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांस शाळाप्रवेशासाठीं हाच दाखला लागेल. आणि मूल मृत जन्मलें, तर त्याचाही निराळा नमुना कचेरींत असतो. तोही भरावयाचा असतो.