वर्सोव्याचा कौल

नोव्हेंबर 2024च्या विधानसभा निवडणुकीत वर्सोव्यातून शिवसेनेच्या ठाकरे गटाचे हारून खान अवघ्या सोळाशे मतांनी विजयी झाले. शेजारच्या विलेपार्ल्यात 1987 साली याच पक्षाने धर्माच्या नावाने उघड मते मागितली होती. ती निवड उच्च न्यायालयाने रद्द केली आणि 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. 1992-93च्या दंगलींतील या पक्षाची भूमिका श्रीकृष्ण आयोगाने नोंदवून ठेवली आहे. हा इतिहास मुसलमान मतदार विसरला असेल, असे कोणीही मानणार नाही.

इस्लाममध्ये धर्म आणि राजकारण अभिन्न असल्याने मुसलमान मौलवीच्या इशाऱ्यावर मत देतो, असे सांगण्यात येते. धर्मनिहाय मतमोजणी होत नाही हे खरे. परंतु वर्सोव्यात एमआयएमचा उमेदवार उभा असूनही निकाल असा लागला, याचा अर्थ उघड आहे. येथील निर्णय धर्मशास्त्राने नव्हे, तर सुरक्षिततेच्या हिशेबाने झाला.

परंतु भीतीचा हिशेब म्हणजे हक्कांचे राजकारण नव्हे. 2011च्या जनगणनेनुसार राज्यात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के आहेत. 288 सदस्यांच्या विधानसभेत 2024 साली त्यांचे दहा आमदार आले. याहून गंभीर प्रश्न भाकरीचा आहे. मेहमूद-उर-रहमान समितीच्या अहवालानंतर 2014 साली पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने त्यातील शिक्षणाचा भाग कायम ठेवला होता. तरीही नव्या युती सरकारने अध्यादेश बाद होऊ दिला. पुढे 2019 ते 2022 या काळात सत्तेवर असलेल्या महाविकास आघाडीनेही कायदा केला नाही. मते घेणाऱ्यांनी ऋण फेडले नाही, ते असे.

दुसरे ऋण स्त्रियांचे आहे. राष्ट्र सेवा दलात घडलेल्या हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला. त्यानंतर वीस वर्षांनी, शाहबानो निकालानंतर, काँग्रेस सरकारने पोटगीचा कायदा धर्मगुरूंच्या मर्जीप्रमाणे बदलला. ज्यांनी धर्मगुरूंना समाजाचे मुखत्यार केले, त्यांनीच मग समाजाला धर्मांध म्हणावे, हा अन्यायच आहे.

समाजवादी कार्यकर्त्याने यारी रोडपासून बेहरामबागेपर्यंतच्या वस्त्यांत केवळ निवडणुकीच्या आधी जाऊन चालणार नाही. शाळा, रोजगार, घर आणि तलाकपीडितेची पोटगी हे प्रश्न घेऊन, मध्ये कोणी दलाल न ठेवता, तेथे बारमाही काम उभे राहिले पाहिजे. तसे झाले तरच मुसलमान मतदार कोणाला पाडायचे याऐवजी काय मिळवायचे, याचा विचार करून मत देऊ शकेल.